बाईंनी ओढलेली काडी

बाई,

आज शनिवार. सकाळची शाळा सुटली, पोरं पांगली. शिपाई एकेका खोलीला कुलूप लावत माझ्या वर्गाशी आला आणि "मॅडम, तुमचं व्हायचंय का अजून?" असं विचारून गेला. मी हो म्हटलं. खरं तर व्हायचं काही उरलेलं नाही. उद्या सकाळी नववीच्या पोरांना घेऊन धुळ्याजवळच्या लळिंगच्या कुरणात जायचंय. पाण्याचे कॅन भरायला सांगितलेत, औषधाची पेटी तपासलीय, गाडी ठरलीय. बरोबर येणारे दोघे सहकारी मघाशी "निवांत व्हा हो" म्हणून गेले. निवांत कसं व्हायचं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. बाकावर बसते, उठते, पुन्हा बसते. खिडकीतून डोंगर दिसतो, पिवळा पडलेला, आणि त्याच्याकडे बघताना माझ्या मनात एकच येतं, गवत किती वाळलंय. एका मुलीची आई येऊन गेली. हातातली पिशवी खाली न ठेवताच म्हणाली, "तुम्ही सोबत आहात ना? मग मला घोर नाही." सोबत असणं म्हणजे काय ते मी आयुष्यात एकदाच पाहिलंय, आणि वेळ आली तर ते मला जमेल की नाही हे मला आजही माहीत नाही, असं तिला कसं सांगणार? नाही सांगता आलं. म्हणून तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की माझं वय आता तुमच्या तेव्हाच्या वयाच्या बरंच पुढे गेलंय.

तुम्ही आमच्या शाळेत आलात ते साल ऐंशीच्या आसपासचं असेल. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याचं आमचं गाव. सगळीकडे केळीच्या बागा, आणि बागा संपल्या की डोंगर. तुम्ही बोदवडच्या, वडील रेल्वेत रुळांवर कामाला, लग्न न झालेल्या, नेसूचं पातळ घोट्याच्या जरा वर आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. गाव हसलं त्या बुटांना. आम्हीही हसलो. विज्ञानाच्या पहिल्याच तासाला तुम्ही आम्हाला शाळेच्या मागच्या पडीक जागेत नेलंत आणि प्रत्येकाला आपापल्या हाताएवढा जमिनीचा तुकडा आखून घ्यायला लावलात. त्यात काय दिसतं ते सांगायचं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "गवत आहे, बाई." तुम्ही माझ्याशेजारी उकिडव्या बसलात. "गवत म्हणजे? हे पातं आणि ते पातं सारखं आहे का? बोट फिरव. गवत आहे म्हणालीस म्हणजे तू काहीच सांगितलं नाहीस." मला राग आला होता. पण बोट फिरवलं. एक पातं खरखरीत होतं, एक गुळगुळीत, आणि खाली मातीत मुंग्यांनी ओढत आणलेला एक फुलपाखराचा पंख होता, नुसता पंख. तास संपला तरी मी तिथेच बसले होते. तुमचा एकच नियम होता, पाहिलंय तेच सांगायचं. कुणी "बाई, लोक म्हणतात की" असं सुरू केलं, की तुम्ही हात वर करायच्या. लोकांचं लोकांना सांगू दे, तू पाहिलंस का?

मग तो मार्च. होळी नुकतीच झाली होती. तुम्ही नववीच्या वर्गाला दिवसभरासाठी डोंगरात नेणार, मुलींनाही नेणार, असं कळलं तेव्हा आमच्या घरी आबांनी, माझ्या वडिलांनी, ताट बाजूला सारलं. "पोरीसले जंगलमा काय शिकाडतंस? शाळाले भिंती नई शेतस का?" आईने त्यांना समजावलं, मास्तरही बरोबर आहेत, ट्रॅक्टर ओळखीतला आहे, संध्याकाळच्या आत परत. आबा कसेबसे तयार झाले. पण तयार झालेल्या आईनेच सकाळी माझ्या दशम्या वेगळ्या फडक्यात बांधल्या, पाण्याची बाटली वेगळी दिली आणि हळूच सांगितलं, बाईंच्या डब्यातलं घेऊ नकोस. तुम्ही बौद्ध आहात हे गावाला तुमचे बूट दिसण्याआधीच कळलं होतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसल्यावर पाहिलं तर बऱ्याच मुलींच्या मांडीवर तशीच वेगळी फडकी होती. तुमच्या हातात मोठा पाण्याचा कॅन होता. तो तुम्ही ट्रॉलीत मधोमध ठेवलात, आमच्या बाटल्यांकडे एकदा बघितलंत आणि म्हणालात, "पाणी जपून प्या, वर ओढा कोरडा आहे." बस, एवढंच.

पळस पेटल्यासारखे फुलले होते. ट्रॅक्टर पायथ्याच्या ओढ्याशी थांबला आणि आम्ही वर चालत निघालो. सागाची पानं गळून पडली होती, पायाखाली पापडासारखी मोडत होती. तुम्ही आम्हाला एकेका झाडाखाली एकेकट्याला बसवलंत. बोलायचं नाही, डोळे मिटायचे, फक्त ऐकायचं. मग सावलीतल्या मातीवर तळहात ठेवायचा, नंतर उन्हातल्या. मी अंजनाखाली बसले होते. कुठेतरी लांब मोहाची फुलं टपटपत होती, आणि मी एकटी होते, आणि मला कुणी हाका मारत नव्हतं. असं मी कधी बसलेच नव्हते. घरात बसलेल्या मुलीला कुणीतरी काहीतरी आणायला सांगतंच. डोळे मिटूनच मला धुराचा वास आला. वाटलं, कुणी तरी चूल मांडली असेल. डोळे उघडले तर तुम्ही आधीच उभ्या होतात, तोंड वाऱ्याकडे करून.

पुढचं सगळं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं, आणि ते कायम आत्ता चाललंय असंच आठवतं. तुम्ही शिट्टी वाजवताय. आम्ही एका उतरत्या माळावर गोळा होतोय, गुडघाभर वाळलेलं गवत. खालच्या बाजूने, ज्या वाटेने आलो त्याच वाटेवर, धूर उभा राहिलाय, आणि धुरात खाली केशरी रेघ. वारा खालून वर येतोय, थेट आमच्या तोंडावर. एक मुलगा ओरडतो, "वर पळा!" आणि चारपाच जण पळतातसुद्धा. तुम्ही असा आवाज काढता जो मी पूर्वी कधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. "थांब! वर नाही! आग तुमच्यापेक्षा जोरात चढते!" ते थांबतात. बरोबर आलेले मास्तर म्हणतात, "बाई, मग जायचं कुठे?" तुम्ही आजूबाजूला बघता. तेवढाच वेळ, बाई, तेवढाच. मी तुमच्याकडेच बघत होते. तुमचे ओठ हलत होते पण शब्द नव्हते. मग तुम्ही पिशवीतून काडेपेटी काढता, दुपारच्या चहासाठी आणलेली, चार पावलं वरच्या बाजूला जाता, खाली वाकता आणि गवताला काडी लावता.

माझ्या शेजारची मुलगी किंचाळली. मास्तर "अहो, अहो बाई!" म्हणत तुमच्याकडे धावले. तुम्ही लावलेली आग वाऱ्याबरोबर वर निघाली, गवत खात, आमच्यापासून दूर. पण तिची एक कड उलटी आमच्याकडेही सरकत होती, आणि ती तुम्ही ओल्या फडक्याने आणि हातात सापडलेल्या फांदीने झोडपत होतात. "बाटल्या उघडा! रुमाल, ओढण्या, असेल ते ओलं करा! सगळं पाणी!" मोठ्या कॅनचं पाणी, आमच्या वेगळ्या बाटल्यांचं पाणी, सगळं एकाच ढिगावर ओतलं गेलं. मग वरचा तुकडा जळून काळा झाला तसं तुम्ही आम्हाला त्यावर ढकललंत. हो, ढकललंत. चपलांखालून चटके बसत होते, अजून धूर निघत होता. "पालथे पडा. तोंड फडक्यात. कुणी उठायचं नाही." आम्ही राखेत पालथे पडलो. आणि मागून ती मोठी आग आली. तिचा आवाज म्हणजे कुणीतरी मोठ्ठं कापड फाडत चाललंय तसा. पाठ भाजतेय असं वाटलं. मी मान किंचित वळवली तर तुम्ही झोपलेल्या नव्हतात. आमच्या खालच्या कडेला गुडघ्यांवर बसून तुम्ही ओल्या फडक्याने ठिणग्या मारत होतात, आणि आग काळ्या जमिनीच्या काठाशी येऊन अडली, दोन्ही बाजूंनी फाटली आणि वर निघून गेली. कुणाला काही झालं नाही. एका मुलाच्या पायाला फोड, एकीचे केस थोडे करपले. तुमचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला होता, पण ते तुम्ही आम्हाला खाली उतरेपर्यंत कळू दिलं नाही. पदरात गुंडाळला होता.

खाली ट्रॅक्टर नव्हता. चालवणारा घाबरून गावाकडे गेला होता, आणि पोरं आगीत सापडली असं ओरडतच गावात शिरला होता. आम्ही ओढ्याच्या वाटेने काळीठिक्कर तोंडं घेऊन चालत होतो तेव्हा समोरून अख्खं गाव येत होतं. बायका छाती पिटत होत्या. आईने मला पाहिलं आणि ती जागच्या जागी खाली बसली. तिला उठवताना मला समजलं की अर्धा-पाऊण तास मी तिच्यासाठी मेलेली होते. तुमच्यावर गाव चिडलं त्याचं मूळ मला वाटतं त्या पाऊण तासात होतं. आगीपेक्षा त्याच्यात.

आठवड्याच्या आत शाळेत सभा झाली. संस्थेचे चिटणीस, हेडमास्तर, पालक, आणि मागे व्हरांड्यात आम्ही. पहिला प्रश्न आला तो आग कुणी लावली याचा. कुणीतरी म्हणालं, पाड्यावरचे लोक, मोहाची फुलं वेचायला पाला जाळतात, दुसरं कोण. सगळ्यांनी माना हलवल्या. ते उत्तर तुमच्याही सोयीचं होतं, बाई. तुम्ही उभ्या राहिलात, हाताला पांढरी पट्टी. "खालची आग कुणी लावली ते मी पाहिलेलं नाही. इथे कुणीच पाहिलेलं नाही. त्यांचं नाव घेऊ नका." हॉलमध्ये गलका झाला. मग चिटणीसांनी विचारलं, "आणि वरची? वरची आग?" हेडमास्तर तुमच्याकडे बघून हलकेच मान हलवत होते, नाही, नाही, बोलू नका म्हणून. आम्हालाही त्यांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं, काडीचं कुणी विचारलं तर आठवत नाही म्हणायचं, बाईंच्याच भल्यासाठी. तुम्ही म्हणालात, "वरची मी लावली."

आबा पुढे बसले होते. ते उठले. "पुढे आग, मांगे आग, अन् बठ्ठा पोरं मधमा? ही कोनती शाळा?" तुम्ही त्यांच्याकडे वळलात आणि अगदी वर्गात शिकवता तशा सांगू लागलात. जे एकदा जळून गेलं ते पुन्हा जळत नाही. वनखात्याची माणसं उन्हाळ्याआधी गवताचे पट्टे जाळून ठेवतात ते त्याचसाठी. "तुम्हीही शेतात पाला पेटवताना आधी बांधाकडची कड जाळून घेता ना, आबा?" आबांना कळलंय हे मला त्यांच्या मानेवरून दिसत होतं. शेतकरी माणसं होती ती, बऱ्याच जणांना कळलं. सभा जराशी सैल झाली. तेवढ्यावर सगळं मिटलंही असतं. मग चिटणीसांनी सहज म्हणून विचारलं, "म्हणजे तुम्ही हे आधी केलेलं होतं?" तुम्ही म्हणालात, "नाही. कधीच नाही. वाचलेलंही नव्हतं. तिथे उभं राहून सुचलं."

बाई, मी त्या क्षणावर किती वेळा परत गेलेय. हो म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं? तुमची नोकरी त्या गावातच राहिली असती. कुणी पडताळायला जाणार नव्हतं. पण तुम्ही नाही म्हणालात, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या माणसांचे चेहरे मिटत गेले. आमच्या पोरांवर पहिलाच प्रयोग, असं कुणीतरी म्हणालं. मागून कुणीतरी आणखी काही म्हणालं, तुमच्या जातीवरून, ते मी लिहीत नाही. तुम्ही ते ऐकलंत. "पुढच्या वर्षीही मी मुलांना डोंगरात नेईन," एवढं म्हणून तुम्ही खाली बसलात. वनखात्याचा माणूस येऊन जबाब घेऊन गेला, समज देऊन सोडलं. संस्थेने मात्र सोडलं नाही. मे महिन्यात तुमची बदली झाली, धुळ्याकडच्या शाळेत.

सभेच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशीची ती सकाळ मला सांगायचीय. आई मला म्हणाली, चल. कुठे ते सांगितलं नाही. आम्ही बाजारगल्लीतल्या तुमच्या खोलीवर आलो. दार उघडंच होतं. स्वयंपाकाच्या कोपऱ्यात तुम्ही डाव्या हाताने भाकरी थापायचा प्रयत्न करत होतात, पीठ परातीबाहेर सांडलेलं, भिंतीवर बुद्धाची तसबीर, खिडकीत मातीच्या कुंड्या. आई दारात थोडा वेळ उभी राहिली. तिचा एक पाय आत आणि एक बाहेर होता, हे मला अजून दिसतं. मग ती आत आली. "तुमना हात भाजेल शे. सरका तिकडे." तुम्ही सरकलात. आईने परात ओढली आणि भाकरी थापायला बसली, जणू आपल्याच घरात. तिने खूप भाकरी केल्या, एकट्या माणसाला संपणार नाहीत इतक्या. मधेच, मान वर न करता तिने विचारलं, "तुम्हले भ्याव नई वाटनं का, बाई?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग तव्याकडे. "भाकर उलटा, करपेल," म्हणालात. नंतर तुम्ही डाव्या हाताने चहा केलात आणि आईपुढे कप ठेवलात. आईने तो लगेच उचलला नाही. वाफ निघत राहिली. तुम्ही उठून कुंड्यांना पाणी घालायला गेलात, पाठ करून. मी आईकडे बघत होते. आईने कप उचलला आणि प्यायली, सगळा. घरी जाताना ती एवढंच म्हणाली की आबांना सांगू नकोस. आणि थोडं चालल्यावर, सांगितलंस तरी चालेल.

तुमच्या बदलीनंतर शाळेतून कुणी डोंगरात गेलं नाही. मी बारावी झाले, मग धुळ्याला डी.एड.ला आले. आल्या-आल्या ठरवलं होतं, तुम्हाला शोधायचं, तुमची शाळा तर इथेच कुठेतरी. पहिल्या महिन्यात वसतिगृहातून बाहेर पडायची परवानगी मिळेना. मिळाली तेव्हा मी विचारत-विचारत गेले. शाळेतल्या एका वयस्क बाईंनी मला बसायला खुर्ची दिली आणि मग सांगितलं की तुम्ही गेल्या पावसाळ्यात गेलात, कावीळ झाली होती, बोदवडला नेलं होतं. "दर वर्षी पोरांना माळावर न्यायच्या बघा," त्या म्हणाल्या. "कुणी ऐकायचं नाही, तरी न्यायच्या." मला रडू आलं नाही. मी त्या शाळेच्या मागे गेले. तिथे पडीक जागा होती, आणि तिच्यात हाताएवढे चौकोन आखलेले होते, दगडांच्या ओळींनी. कुणी तरी दगड अजून जागच्या जागी ठेवत होतं. मी तिथे बराच वेळ उभी राहिले, मग वसतिगृहाची वेळ झाली म्हणून निघाले.

आता मी शिकवते. परिसर अभ्यास, पर्यावरण, नावं बदलत असतात. आता तर वरूनच सांगतात, मुलांना बाहेर न्या. त्याच्यासाठी सभा होत नाही, उलट प्रमाणपत्र मिळतं. दर वर्षी मी पोरांना नेते. आदल्या दिवशी मला असं होतं, हे असं, जागेवर बसवत नाही. गाडी सुटली की ते वाढतं. पोरं झाडाखाली डोळे मिटून बसतात तेव्हा माझे डोळे उघडे असतात. वारा कुठून येतोय, काळी जमीन कुठे आहे, पळायचं झालं तर कुठून. मी एक पक्षी धड पाहिलेला नाही, बाई. पोरं विचारतात, मॅडम, तो कोणता? मी म्हणते, तूच नीट बघ आणि मला सांग. त्यांना वाटतं ही माझी शिकवण्याची पद्धत आहे.

तुम्हाला भीती वाटली होती का? आईने विचारलं होतं तेच विचारतेय. तुमचे ओठ हलत होते तेव्हा तुम्ही काय म्हणत होतात? मी आता तुमच्यापेक्षा मोठी आहे, तरी मला तिथे उभं राहून काही सुचेल असं वाटत नाही. कदाचित मी वर पळा म्हणेन. कदाचित नुसती उभी राहीन. हे मला कळायचा एकच मार्ग आहे, आणि ती वेळ कधी येऊ नये म्हणून मी आज सकाळपासून तीनदा कुरणाच्या रखवालदाराला फोन लावला. तो आता उचलत नाही.

शिपाई परत आलाय, किल्ल्या वाजवतोय. हे कागद मी टाचून ठेवणार नाही, तुमच्या बोदवडच्या घरी कुणी असेल तर त्यांनाही पाठवणार नाही. त्यांना वाटेल, बाईंनी हिच्यात निसर्गाची ओढ पेरली. सगळे तेच म्हणतात, आणि मी हसून घेते. पाहिलं तेच सांगायचं तर असं आहे, बाई, मला जंगल आवडत नाही. त्या दिवसापासून कधीच आवडलं नाही. पोरं तिथून खाली उतरतात, धुळीने माखलेली, सगळी एकाच वेळी बोलत असतात, कुणाच्या मुठीत काहीतरी असतं, तेव्हा त्यांची तोंडं बघायला मला आवडतं. तेवढ्यावरच इतकी वर्षं शिकवतेय. एवढ्यावर चालेल का?